इंग्रजीच्या पेपराआधी

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू म्हणालीस की वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत इंग्रजीचा एकही प्रश्न नसतो, बारावीच्या बोर्डात पास होण्यापुरते गुण कसेही मिळतात, आणि मी पुढे काही बोलण्याआधीच फोन ठेवलास. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पहाटेपासून क्लासमध्ये बसलेल्या मुलीला रात्री आईचे प्रश्न नकोसे वाटणारच. मला एवढेच विचारायचे होते की पूर्वपरीक्षेत कादंबरीचा विभाग तू कोरा का सोडलास. तो १६ गुणांचा आहे. कवितेच्या रसग्रहणाचे ४ धरले तर ८० पैकी २० गुणांना तू हातच लावला नाहीस. तुला येत नव्हते असे मला वाटत नाही. तू वाचतेस, पण लिहीत नाहीस, म्हणून वेळ पुरत नाही.

नीटच्या पात्रतेसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राबरोबर इंग्रजीतही उत्तीर्ण व्हावे लागते, हे आत्याने मला माहितीपुस्तिकेत दाखवले. पण तू नापास होशील अशी भीती मला नाही. इंग्रजीचा पेपर पहिला असतो, आणि पहिल्याच दिवशी काही सोडून बाहेर आलीस तर ती रुखरुख पुढच्या प्रत्येक पेपरात तुझ्या शेजारी बसेल. पाचवीच्या शिष्यवृत्तीला पहिला पेपर अवघड गेला, तेव्हा दुसऱ्यात येत असलेले प्रश्नही तू सोडले होतेस. ते दुपारचे तुझे तोंड मी विसरलेले नाही.

म्हणून रोज एक उत्तर घड्याळ लावून लिही. लेखनकौशल्याचे १६ गुण कोणत्याही धड्यावर अवलंबून नाहीत. आज ई-मेल, उद्या भाषण, परवा आवाहन, असे एकेक हातावेगळे कर. सारांश आणि मनोआकृती (माइंड मॅप) यांचे प्रत्येकी ३ गुण मुले घाईत घालवतात. गाइडमधले रसग्रहण पाठ करू नकोस, कारण त्या दिवशी कविता वेगळी आली की पाठांतर तिथेच अडते. २०२३ पासून प्रश्नपत्रिका दहा मिनिटे आधी हातात देत नाहीत, ती दहा मिनिटे शेवटी वाढवून देतात. पेपर अकराला सुरू होऊन दोन वाजून दहा मिनिटांनी संपतो. कादंबरी शेवटासाठी ठेवू नकोस. मन ताजे असतानाच ती लिहून टाक.

पाहा, पत्र लिहायला बसले ते तुझी विचारपूस करायला, आणि शिकवायला लागले. राग मानू नकोस.

मी १७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे कॉलेजात न जाता बाहेरून, बारावीला बसले तेव्हा तू जेमतेम तीन वर्षांची होतीस. दुपारी मुले घरी गेली की मी अंगणवाडीच्या फळ्यावर इंग्रजी वाक्ये लिहून काढत असे, आणि तू ओले फडके घेऊन ती पुसायला मिळण्याची वाट पाहत उभी राहायचीस. कधी कधी माझे वाक्य पुरे होण्याआधीच पुसून टाकायचीस आणि मला ते पुन्हा लिहावे लागे. त्या गुणपत्रिकेमुळे मी मदतनिसाची सेविका झाले. आज तीच मुलगी मराठी शाळेतून जाऊन जीवशास्त्राची उत्तरे इंग्रजीत लिहिते, आणि त्यातले कित्येक शब्द मला उच्चारताही येत नाहीत, हे मी अंगणवाडीत येणाऱ्या प्रत्येकीला सांगते. तू नको म्हणतेस, तरी सांगते.

रविवारी दादा डबा घेऊन लातूरला येईल. त्याच्याजवळ कादंबरीवरच्या एका प्रश्नाचे तुझ्या हाताने लिहिलेले उत्तर दे. त्यात चुका असल्या तरी चालतील, आणि अर्धे राहिले असेल तर अर्धेच दे. मी ते आत्याला दाखवीन, तुला फोनवर काही विचारणार नाही. शेंगदाण्याच्या चटणीत या वेळी तिखट कमी घातले आहे. रात्री बारानंतर जागू नकोस.

तुझी,
आई