विषय : नऊ दिवस नो सिग्नल, आणि गच्चीवर न जाताच बंद केलेली तक्रार

प्रति,
नोडल ऑफिसर, ग्राहक तक्रार विभाग

नमस्कार,

मी पुण्यात धनकवडीला राहते. अकरा वर्षं तुमची डिश आहे आमच्याकडे, रिचार्ज एकदाही चुकलेला नाही, लॉकडाऊनमध्येसुद्धा नाही. आज नववा दिवस आहे, टीव्हीवर फक्त निळा स्क्रीन आणि नो सिग्नल. तीन वेळा तक्रार नोंदवली आणि तिन्ही वेळा काही न करता तुमच्याकडून मेसेज आला की तुमच्या तक्रारीचं निवारण झालंय, धन्यवाद. कसलं निवारण? कोणी केलं?

पालख्या पुण्यात आल्या त्याच दिवशी संध्याकाळी हे बंद पडलं. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. गुडघे चालायचे तोवर दरवर्षी लक्ष्मी रोडला उभ्या राहून वारकऱ्यांना राजगिऱ्याचे लाडू वाटायच्या, आता त्यांची वारी म्हणजे सह्याद्री वाहिनी, दिवे घाट, रिंगण, सगळं खुर्चीत बसून हात जोडून बघतात. यंदा दिवे घाट त्यांनी खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे जाऊन बघितला, दोन जिने धरून धरून उतरल्या आणि चढताना अर्ध्यावर बसल्या, ते बघून मला जे वाटलं ते पत्रात लिहिता येत नाही. म्हणून एवढं सविस्तर लिहितेय, पूर्ण वाचा ही विनंती.

पहिल्या फोनला तुमच्या कॉल सेंटरवाल्या मुलीने सांगितलं की पावसामुळे आहे मॅडम, बॉक्स बंद करून चालू करा. केलं. तीनदा केलं. पावसात केयू बँडचा, म्हणजे डिशचा सिग्नल ज्या लहरींवर येतो त्यांचा, सिग्नल कमी होतो हे मला माहितीये, अकरा पावसाळे काढलेत, जोराची सर आली की पंधरा-वीस मिनिटं चित्र जातं आणि सर ओसरली की येतं. पण त्यानंतर दोन दिवस चांगलं ऊन पडलं होतं, कपडे वाळले. आणि खालच्या काकूंकडे डीडी फ्री डिश आहे, दूरदर्शनची मोफत डिश, तीही केयू बँडवरच, तिची छत्री आमच्या छत्रीपासून चार हातांवर त्याच गच्चीत आग्नेयेकडेच तोंड करून आहे, ती व्यवस्थित चालू. मग पाऊस फक्त आमच्याच डिशवर पडला का?

मिस्टरांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे त्यामुळे घरात मल्टीमीटर असतो आणि थोडंफार आम्हाला कळतं. बॉक्सच्या सेटिंगमधे सिग्नलचं पान आहे, तिथे स्ट्रेंथ आणि क्वालिटी दोन्ही शून्य होतं. गच्चीत जाऊन एलएनबीच्या, म्हणजे छत्रीसमोर सिग्नल पकडणारा जो डबा असतो त्याच्या, खालचा कनेक्टर सोडवला तर आतून पाण्याचा थेंब हातावर पडला. मधली तांब्याची तार हिरवी झालेली आणि वर जी काळी टेप गुंडाळली होती ती नुसती हात लावला तर पापडासारखी तुटली. मुलगा बुधवार पेठेत जाऊन नवीन एफ कनेक्टर घेऊन आला, केबल दोन इंच मागे कापून चांगल्या तारेवर तो बसवला. लावायच्या आधी केबलच्या वरच्या टोकाला मीटर धरला तर १८ व्होल्ट, काही चॅनल बदलल्यावर १३, म्हणजे बॉक्समधून एलएनबीला सप्लाय बरोबर पोचतोय आणि केबल मधे कुठे तुटलेली नाही. जोडल्यावर स्ट्रेंथ ६८ आली. क्वालिटी मात्र शून्यच.

इथे तुमच्या टेक्निशियनने लक्ष द्यायला हवं होतं. स्ट्रेंथ आहे म्हणजे एलएनबीकडून काहीतरी येतंय, पण क्वालिटी शून्य म्हणजे तुमच्या उपग्रहाचा सिग्नल बॉक्सला वाचता येत नाहीये. उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर, साधारण ६० सेंटिमीटरची छत्री दोन-तीन अंश जरी हलली तरी संपलं.

हे पण तपासलं. मी छत्रीची वरची कड धरून किंचित मागे दाबली आणि मुलगा खालून फोनवर आकडे सांगत होता, शून्य, शून्य, बारा, एकतीस, आई थांब तशीच थांब, चित्र येतंय चौकोन चौकोन. हात सोडला की परत शून्य. म्हणजे एलएनबी चालू आहे, बॉक्स चालू आहे, छत्री झुकलीये एवढंच. खाली वाकून बघितलं तर स्टँडच्या प्लेटला चार भोकं आहेत आणि तुमच्या माणसाने बसवताना अँकर बोल्ट फक्त दोनच मारलेत, त्यातला एक स्लॅबमधून बाहेर आलाय, भोकाच्या कडेचं सिमेंट चुरा होऊन पडलंय. अकरा वर्षं पश्चिमेचा वारा त्या दोन बोल्टवर झेललाय तिने. काम तुमचं होतं, पैसे घेऊन केलेलं.

एवढं सगळं सांगायला मी तयार होते पण पाचव्या दिवशी आलेला टेक्निशियन गच्चीत गेलाच नाही. हातात सिग्नल मीटर नाही, पाना नाही. बॉक्स दोनदा चालू-बंद केला आणि म्हणाला बॉक्स गेला, नवीन एचडी घ्या ऑफर चालू आहे. मी म्हटलं दादा वर चला, मी दाखवते, तर म्हणाला मला अजून सहा कॉल आहेत. २५० रुपये व्हिजिट चार्ज घेतला, पावती नाही, आणि तो जिना उतरायच्या आत माझ्या मोबाईलवर निवारण झाल्याचा मेसेज. त्या पोराला मी दोष देत नाही, सहा कॉल तुम्हीच दिले असणार त्याला. पण बॉक्स खरंच गेलाय का म्हणून आम्ही तोच बॉक्स बी विंगमधल्या वहिनींकडे नेऊन लावला, त्यांच्याकडे तुमचंच कनेक्शन आहे, पाच मिनिटांत सगळे चॅनल लागले. चांगला बॉक्स फेकून मी नवीन विकत घेतला असता आणि तरी नो सिग्नलच राहिलं असतं, याचा राग आहे मला. ज्यांना स्ट्रेंथ-क्वालिटी कळत नाही अशा किती जणांनी असे बॉक्स घेतले असतील.

बोल्ट आम्ही स्वतः का नाही मारला असं विचाराल. गच्चीला गेल्या वर्षी वॉटरप्रूफिंग केलंय, स्लॅबमधे नवीन भोक पाडायला सोसायटी फक्त कंपनीच्या माणसाला परवानगी देते आणि ते बरोबरच आहे. आणि छत्री बरोबर लावायला मीटर लागतो, जिन्यात ओरडून होत नाही ते.

मला काय पाहिजे ते सांगते. मीटर, ड्रिल आणि चार नवीन अँकर बोल्ट घेऊन माणूस पाठवा, छत्री पक्की करून क्वालिटी किती आली ते मला स्क्रीनवर दाखवूनच त्याने जावं, आणि नवीन कनेक्टरवर पाणी न जाणारी टेप किंवा रबरी टोपी लावावी. २५० रुपये परत करा. बंद असलेले सगळे दिवस रिचार्जमधे वाढवून द्या. आणि माझी तक्रार मी हो म्हटल्याशिवाय बंद करू नका, ट्रायच्या, म्हणजे टेलिकॉमच्या सरकारी नियामकाच्या, २०१७ च्या नियमांत तक्रारीला डॉकेट नंबर (तक्रारीचा नोंदणी क्रमांक) आणि वर नोडल ऑफिसर असं सगळं आहे, ते ग्राहकाचं काम व्हावं म्हणूनच आहे ना. तुमच्याकडून उत्तर आलं नाही तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला फोन करेन, पण मला भांडायचं नाहीये, मला डिश चालू हवीये.

आषाढी एकादशी जवळ आली. पंढरपूरची महापूजा पहाटे अडीचच्या सुमाराला दाखवतात, त्या वेळी सासूबाईंना घेऊन मी कोणाचं दार वाजवू? परवापर्यंत माणूस पाठवा. गच्चीची चावी वॉचमनकडे आहे, सकाळी आठ ते रात्री आठ कधीही मिळते, आणि मी घरीच आहे. बोल्टला १३ नंबरचा पाना लागतो.

आपली,
अकरा वर्षांची ग्राहक
धनकवडी, पुणे