हत्तीच्या डोक्यात ४३२ टाके

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या तोंडावर गावोगावी बचत गटांची प्रदर्शनं लागतात. यंदा आमच्या गटाचाही स्टॉल होता. लोणची-पापडांच्या शेजारी आम्ही पाच जणींनी क्रोशाने विणलेली खेळणी मांडली होती. हत्ती, ससे, एक कासव, छोट्या बाहुल्या. दिवसभर एकच वाक्य कानावर येत राहिलं, "एवढ्याशा हत्तीला साडेचारशे? दोऱ्याचाच तर आहे!" बोलणाऱ्या बायका काही वाईट नव्हत्या. त्यांच्यातल्या कितीतरी जणींच्या घरी आई-आजीने विणलेलं तोरण अजून दाराला असेल. म्हणूनच हे पत्र लिहावंसं वाटलं.

हा हत्ती कसा होतो ते सांगते. सुती दोरा आणि अडीच मिलिमीटरची सुई घ्यायची. बोटाभोवती दोऱ्याचा फास करून त्यात ६ मुके खांब, म्हणजे क्रोशाचे साधे आखूड टाके, घालायचे आणि फास असा आवळायचा की मधे भोक राहता कामा नये. दुसऱ्या फेरीला १२, तिसरीला १८, असं वाढवत सहाव्या फेरीला ३६. मग सहा फेऱ्या ३६च्याच, आणि तिथून दर फेरीला सहा-सहा कमी करत पुन्हा ६ वर. नुसत्या डोक्याचे ४३२ टाके होतात. यात फेरी बंद करायची नसते, विणकाम गोल गोल चालूच राहतं. त्यामुळे फेरीच्या पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून ठेवावा लागतो. तो निसटला की सगळं पुन्हा मोजा. टाका घट्टच हवा, सैल पडला की आत कापसासारखा भरलेला फायबर फटींतून पांढरा डोकावतो. सोंडेत तो पेन्सिलीच्या टोकाने अगदी शेंड्यापर्यंत सरकवायचा. पाय, कान, सोंड, शेपूट वेगळी विणून शेवटी शिवायची. दोन्ही कान सारख्या उंचीवर बसेपर्यंत मी एकदा तरी उसवतेच. एका हत्तीला मला साडेआठ तास लागतात, आणि माझा हात चांगला चालतो.

मी क्रोशा शिकले १९७९च्या उन्हाळ्यात, मावशीच्या रुखवतासाठी. तेव्हा पांढऱ्या दोऱ्याचे रुमाल, तोरणं, ताटावरची झाकणं, बाळाची टोपडी हेच विणलं जायचं. ते रुखवतावर मांडलं जायचं, बाळंतविड्यात जायचं, बारशाला दिलं जायचं. बायका तोंडभर कौतुक करायच्या, पण त्याला किती तास लागले हे कुणी विचारलं नाही, आणि आम्हीही कधी सांगितलं नाही. खेळणी विणायला मी फार उशिरा, आमच्या गटातल्या मुलींकडून शिकले. त्या याला जपानी नावाने 'अमिगुरुमी' म्हणतात. 'अमी' म्हणजे विणकाम आणि 'नुइगुरुमी' म्हणजे आत भरण घातलेली बाहुली, त्यावरून झालेला शब्द.

आता साडेचारशेचा हिशेब. दोऱ्याचे ८५ रुपये, फायबर आणि इतर किरकोळ मिळून २५. उरले ३४०. साडेआठ तासांचे, म्हणजे तासाला ४० रुपये. शहरातल्या एका दुकानदाराने आम्हाला ५० हत्तींची ऑर्डर देऊ केली होती, नगाला १५० रुपये. त्या भावाने तासाला पाच रुपयेसुद्धा पडत नव्हते. "बाजारात याच भावात मिळतात," असं त्याचं म्हणणं. मिळत असतीलही. पण मग ते कोण विणतं, याचा विचार करून मला त्या रात्री झोप लागली नाही. कारण स्वेटर यंत्रावर विणता येतो, क्रोशासारखी दिसणारी जाळीही यंत्रावर निघते, पण क्रोशाचा खरा टाका हातानेच पडतो. एकेक फास सुईने ओढून, पुरा करून मगच पुढे जायचं असतं. त्यामुळे दीडशे रुपयांचा क्रोशाचा हत्ती कुठूनही आलेला असो, कुणीतरी तो सुई हातात धरूनच विणलेला असतो. आंध्रात गोदावरीच्या काठी नरसापूरला क्रोशाच्या लेसचं काम पिढ्यान् पिढ्या बायका घरात बसून करतात. त्या कामाला आता भौगोलिक मानांकनही आहे. आपल्याकडे अजून क्रोशाला 'फावल्या वेळचा उद्योग' म्हणतात. आमच्या गटातली एक जण अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंच्या उशाशी बसून विणते. तिचा कुठला वेळ फावला, सांगा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. पुतणीच्या मुलीला मी बारशाला ससा विणून दिला होता. डोळे प्लास्टिकचे, आतून चकतीने बसवायचे, 'सेफ्टी आय' म्हणून मिळतात तेच. आठव्या महिन्यात तिला दोन दात आले आणि तिने ससा चघळायला घेतला. क्रोशाचा टाका ताणला जातो, त्या ताणलेल्या फटीतून डोळा चकतीसकट बाहेर आला. पुतणीने तिच्या तोंडात बोट घालून तो काढला. फोनवर हे सांगताना तिचा आवाज थरथरत होता आणि माझे हात गार पडले होते. त्या दिवसापासून मी सगळे डोळे काळ्या दोऱ्याने भरते. घेणाऱ्यांनाही कळकळीने सांगते, लहान मुलासाठी घेताना डोळा, नाक, मणी ओढून बघा आणि टाका ताणून आतलं भरण दिसतं का तेही बघा. विकणारी मी असले तरी बघा.

सरकारने खेळण्यांच्या गुणवत्तेचा आदेश २०२० मध्ये काढला आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. हे योग्यच आहे. घरी हत्ती विणणाऱ्या बाईला ते चिन्ह मिळवणं झेपणारं नाही, म्हणून हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूटही दिली आहे. पण आमच्या स्टॉलच्या आसपास खेळणी विकणाऱ्या सात-आठ जणींना मी विचारलं, तर अशी नोंदणी असते हेच एकीलाही ठाऊक नव्हतं. मलाही दोन वर्षांपूर्वी नव्हतं.

जिल्हा प्रशासनाला विनंती आहे की प्रदर्शनाच्या मांडवातच एक टेबल या नोंदणीसाठी ठेवावं, आणि तालुक्याच्या ठिकाणी वर्षातून एकदा तरी शिबिर घ्यावं. तिथेच लहान मुलांच्या खेळण्यांत काय वापरू नये हेही अर्धा तास कुणीतरी समजावून सांगावं. आमच्या गटातल्या तिघींची नोंदणी राहिली आहे. शिबिर जिल्ह्यात कुठेही लागलं तरी हत्ती-ससे पिशवीत घालून आम्ही पहिल्या एसटीने येऊ.

आपली,
एक वाचक, वाई