भोसरीच्या शेठजींचा स्टार्टर

पुणे, दि. ८ फेब्रुवारी

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीतल्या तुझ्या पत्राला उत्तर द्यायचे राहून गेले, त्याबद्दल रागावू नकोस. घरी सर्व ठीक आहेत. आईचा गुडघा आहे तसाच आहे. आज लिहायला बसलो ते भोसरीच्या शेठजींच्या कारखान्यासाठी मी डिझाइन केलेल्या मोबाइल स्टार्टरमुळे, म्हणजे फोनवरून शेतातला पंप चालू करणाऱ्या पेटीमुळे. मंद्याला सांगितले, तर त्याने पुरते ऐकूनही न घेता वकिलाचा नंबर पाठवला.

थंडी पडली तशा नगर आणि जुन्नरकडून तक्रारी सुरू झाल्या. रात्रपाळीची वीज आली की शेतकरी घरून कॉल देतो, पंप सुरू होतो आणि थोड्या वेळाने आपोआप बंद पडतो. दुपारी कारखान्याचा माणूस जाऊन पाहतो, तर सर्व व्यवस्थित चालू असते. शेठजींनी ठरवून टाकले की डिझाइन कच्चे आहे, आणि माझा शेवटचा हप्ता थांबवला. मी परत आलेले सर्किट बोर्ड मागवून घेतले, पण टेबलावर एकही बोर्ड चुकेना. रात्र, थंडी आणि रेंज नसलेली शिवारे एवढेच सगळ्या तक्रारींत समान होते, म्हणून एक बोर्ड घरच्या फ्रिजमध्ये ठेवला, दाराच्या रबरातून वायरी बाहेर काढल्या आणि रेंज कमी व्हावी म्हणून अँटेना पत्र्याच्या डब्यात घातली. (रेवतीने विचारले, दुधाला शॉक देऊन दही लावतोस का?)

रात्री उशिरा ऑसिलोस्कोपच्या आलेखावर दिसले ते तुझ्याशिवाय कोणाला दाखवावे? रेंज कमी असली की मोबाइल नेटवर्कशी जोडणारे जीएसएम मॉड्यूल पूर्ण ताकदीने बोलते, दर ४.६ मिलिसेकंदांनी जेमतेम अर्धा मिलिसेकंद, पण तेवढ्यात जवळजवळ २ अँपिअर ओढते. त्याला वीज पुरवणारी चार व्होल्टची रेषा त्या प्रत्येक ओढीला करवतीच्या दात्यासारखी खाली येत होती, आणि ती ३.४ च्या खाली गेली की मॉड्यूल बंद, त्याच्याबरोबर पंप चालवणारा कंट्रोलरही रीसेट. मग मॉड्यूलशेजारचा, अशी ओढ भरून काढणारा कपॅसिटर पाहिला, तर तो मी दिलेलाच नव्हता. मी कमी ईएसआरचा, म्हणजे कमी अंतर्गत रोधाचा, १०५ अंशांचा लिहिला होता. बसवलेला साधा, ८५ अंशांचा. दोन्हींवर १००० मायक्रोफॅरड छापलेले असते, त्यामुळे खरेदी विभागाला दोन-तीन रुपयांच्या बचतीपलीकडे काही दिसले नसणार. थंडीत त्याचा अंतर्गत रोध वाढतो, म्हणून दुपारी तो निर्दोष आणि रात्री नापास. शिवाय दहा अंश तापमान वाढले की अशा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य निम्मे होते, हा हिशेब तुला सांगायला नको. उन्हाने तापलेल्या पत्र्याच्या पेटीत एक उन्हाळा काढल्यावर पुढच्या हिवाळ्यात तक्रारी वाढणारच.

आता तू म्हणशील, मी सांगत होतो की फाइली हातच्या सोडू नकोस. सांगलीपासूनचे आपले हे भांडण, आणि तुझे म्हणणे मला आजही पटत नाही. ज्याने पैसे मोजले त्याला सर्किट, बोर्ड छापायच्या गर्बर फाइली आणि सोर्स कोड सगळे मिळालेच पाहिजे. उद्या आपण नसलो तर त्याचा बोर्ड कोणी दुरुस्त करायचा? सुट्या भागांच्या यादीत, बीओएममध्ये, त्या कपॅसिटरच्या ओळीसमोर ‘पर्याय वापरण्यापूर्वी लेखी विचारावे’ असे स्पष्ट छापलेले आहे. ते वाचणे त्यांच्याकडे होते.

हप्त्याची मला फारशी काळजी नाही. मंद्या म्हणतो तसे लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्याने ४५ दिवसांपुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने व्याज मागता येते. पण २०२१ मध्ये चिपच मिळेनात, तेव्हा याच शेठजींनी दुसऱ्या कंट्रोलरवर बोर्ड नव्याने करायचे काम विश्वासाने माझ्याकडे दिले होते, आणि ते मी विसरलेलो नाही. ऑसिलोस्कोपचे फोटो पाहिल्यावर त्यांनी कपॅसिटरची गोष्ट मान्यही केली.

काळजी त्यांच्या पुढच्या मागणीची आहे. विकलेल्या प्रत्येक स्टार्टरमागे माणूस पाठवणे परवडत नाही, तेव्हा नेटवर्कवरून नवे सॉफ्टवेअर पाठवा, असे ते म्हणतात: रीसेट झाला की तिन्ही फेज तपासण्यात वेळ न घालवता आणि शेतकऱ्याच्या आदेशाची वाट न पाहता मोटरला वीज देणारा कॉन्टॅक्टर लगेच पुन्हा ओढायचा. म्हणजे तक्रार बंद होईल आणि कपॅसिटर तसाच राहील. पण तेवढ्यात एक फेज गेलेली असेल तर मोटर दोन फेजवर चालून जळेल. आणि पंप बंद पडला म्हणून पाइपच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह पाहायला कोणी विहिरीत उतरला असेल तर? वीज गेली असे समजून माणूस मेन स्विच खाली न ओढताच उतरतो, हे तू आणि मी दोघांनी नानांच्या मळ्यावर पाहिले आहे.

मी लेखी नकार दिला. जुन्या कपॅसिटरला समांतर दुसरा कसा जोडायचा याचे गावच्या वायरमनला समजेल असे चित्रही काढून दिले, म्हणजे कारखान्याचा माणूस पाठवावा लागणार नाही. अद्याप उत्तर नाही. पण सोर्स कोड त्यांच्याकडे आहे, आणि एखादा होतकरू मुलगा हा बदल एका संध्याकाळी करून देईल. त्याला कोणी विहिरीविषयी सांगणारही नाही. सल्लागाराने नाही म्हटले म्हणून बोर्ड थांबत नाही. मग मी विक्रेत्यांना थेट कळवावे का? गोपनीयतेच्या करारावर माझी सही आहे आणि विक्रेत्यांची यादी मला विश्वासाने मिळालेली आहे. तो विश्वास मोडला तर भोसरीत दुसरे कोणी मला बोर्ड दाखवणार नाही, हे खरे. पण गप्प बसून काही घडले, तर ते मला सहन होणार नाही. माझ्या मते आधी शेठजींना समोर बसवून एकदा विहिरीचे सांगावे आणि तेही चालले नाही, तरच पुढचे पाऊल टाकावे. तुझे मत वेगळे असेल तर स्पष्ट लिही.

चिन्मयीची बारावी जवळ आली ना? तिला माझे आशीर्वाद. बंगळूरूच्या नव्या जागेत तुझी लॅब लागली का, आणि वहिनींची बदली झाली का, तेही कळव.

सोमवारी अकरा वाजता शेठजींना भेटायला जातो आहे. त्याआधी, रविवारी रात्री तरी, फोन कर. करारातले गोपनीयतेचे कलम सोबत जोडले आहे; ते आधी वाचून ठेव.

तुझा,
श्रीकांत