पाहुणे कलाकार शोभेपुरते नसतात

महोदय,
जुन्या बँडने पाहुणे कलाकार घेऊन काढलेला अल्बम म्हणजे उतरत्या काळातली डागडुजी, अशी समजूत दिसते. १९६६ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या 'निटी ग्रिटी डर्ट बँड'चा १९८९ चा 'विल द सर्कल बी अनब्रोकन'चा दुसरा भाग ती सपशेल खोडून काढतो.

१९७२ च्या पहिल्या भागात या तरुणांनी मेबेल कार्टर, डॉक वॉटसन, अर्ल स्क्रग्ज या कंट्री (अमेरिकी ग्रामीण) संगीतातल्या ज्येष्ठांना एकत्र बसवले आणि ध्वनिमुद्रण थेट दोन ट्रॅकवर, म्हणजे सगळी वाद्ये एकत्रच, केले. त्यात नंतर वाद्यांच्या आवाजाचा तोल सुधारता येत नाही. बँजो मोठा वाजतो, म्हणून तो मायक्रोफोनपासून लांब ठेवावा लागतो आणि गिटार जवळ. एकाची लय चुकली, तर सगळ्यांना पुन्हा वाजवावे लागते. त्या ताणातूनच गाण्याला जिवंतपणा येतो!

दुसऱ्या भागात हा बँड स्वतःच ज्येष्ठ झाला होता. जॉनी कॅश, एमिलू हॅरिस, लेव्हॉन हेल्म आले. रॉजर मॅग्विन आणि ख्रिस हिलमन या 'बर्ड्स' रॉक बँडच्या जुन्या जोडीचे गाणे कंट्री संगीताच्या लोकप्रियता यादीत पहिल्या दहांत पोहोचले. ब्रूस हॉर्न्सबीच्या गाण्याला तर ब्लूग्रासचे (बँजो-फिडलवर आधारित कंट्री शैलीचे) ग्रॅमी मिळाले. रॉकमधल्या पियानोवादकासाठी ही मोठीच गोष्ट.

स्ट्रीमिंगवर बहुधा फक्त बँडचे नाव दिसते, फिडल (व्हायोलिन) किंवा डोब्रो (एक प्रकारची गिटार) कोणी वाजवले ते कळत नाही. आपल्या संगीत परीक्षणांत वादकांची नावे वाद्यांसह छापावीत, ही विनंती.

– एक वाचक, पुणे