गच्ची हिरवी करणाऱ्या अनाम हातांचे आभार

मुंबईच्या वस्त्यांत मुलांना भाजी पिकवायला शिकवायचं तर पहिली अडचण मातीची. रस्त्याकडेची, भंगारच्या गोदामांलगतची माती शिसं या विषारी धातूच्या भीतीने वापरता येत नाही, आणि भरपूर ओल्या मातीचं ओझं जुन्या स्लॅबवर टाकणं धोक्याचं. म्हणून मातीऐवजी वापरायची उसाची चिपाडं रोज पोत्यात बाजूला काढून ठेवणाऱ्या रसवंतीवाल्या काकांचे आभार सर्वांत आधी. ती हलकी असतात, ओल धरतात. मात्र ताजी डब्यांत भरू नयेत. ती तापतात आणि कुजताना नत्र ओढून घेतात. पालक पिवळा पडतो तो बहुतेक वेळा त्यामुळे. महिना-दीड महिना शेणकाल्यात ओली ठेवून मगच वापरावीत.

शेण-गोमूत्र पोचवणाऱ्या दादांचे ऋण तर मोठंच. त्यातूनच झाडांना द्यायचं जीवामृत हे पातळ खत बनतं: २० लिटर पाण्यात १ किलो शेण, १ लिटर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ, तेवढंच बेसन आणि मूठभर चांगली माती; सावलीत ३ दिवस, सकाळ-संध्याकाळ ढवळायचं. देताना दहापट पाणी, आणि आठवड्याच्या आत संपवायचं.

रंगाचे रिकामे डबे नाकारून खाद्यतेलाचेच डबे शोधून देणारे, त्यांच्या तळाला सहा-सात भोकं पाडून देणारे वेल्डर, खाली ठेवायला विटा देणारे गवंडी, तुम्हा सगळ्यांचे आभार. विटा नसत्या तर पावसाळ्यात पाणी तुंबून मुळं कुजली असती.

आणि नळाला पाणी नसलेल्या दिवशी तांदूळ धुतलेलं पाणी मुलांच्या मेथीसाठी राखून ठेवणाऱ्या मावश्यांनो, तुमचे विशेष आभार.