‘जैविक’ नव्हे, ‘कार्बनी’ म्हणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शनीच्या टायटन या चंद्राविषयीची बातमी आपण ठळकपणे छापली, याचा फार आनंद झाला. मात्र मजकुरात तीनदा ‘जैविक रेणू’ असे आले आणि मथळ्यात तर त्याच्या ‘जीवसृष्टीच्या खुणा’ झाल्या. शाळेच्या पुस्तकात कार्बन असलेल्या या पदार्थांना ‘कार्बनी संयुगे’ म्हणतात आणि तोच शब्द योग्य आहे. टायटनच्या हवेत ती घडायला जीव लागत नाही, ऊन पुरते.

तिथल्या हवेत सुमारे ९५ टक्के नायट्रोजन आणि उरलेला बहुतांश मिथेन आहे. हजारएक किलोमीटर उंचीवर अतिनील किरण हे दोन्ही रेणू फोडतात. तुकडे पुन्हा जुळतात, ईथेन, अ‍ॅसिटिलीन, हायड्रोजन सायनाइड, बेंझिन असे करत जड होत जातात आणि शेवटी नारिंगी धुके बनून खाली बसतात. कार्ल सेगन आणि बिशुन खरे या शास्त्रज्ञांनी वायूंच्या मिश्रणात ठिणग्या पाडून असा तपकिरी, चिकट पदार्थ प्रयोगशाळेत बनवला होता. १९७९ मध्ये त्यांनी त्याला ‘थोलिन’ हे नाव दिले.

मी २६ वर्षे मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर, काम केले. त्याच्या आलेखात २८ या आकड्यावर शिखर दिसले, तर ते नायट्रोजनचे, कार्बन मोनॉक्साइडचे की एथिलीनचे? तिघांचेही रेणुवस्तुमान २८च. नोकरीच्या पहिल्या वर्षी अशा एका शिखराला एथिलीन ठरवून मी अहवाल दिला होता. प्रत्यक्षात यंत्राच्या एका जोडातून बाहेरची हवा आत येत होती. तेव्हापासून दुसऱ्या पुराव्याशिवाय मी रेणूला नाव दिलेले नाही.

शनीभोवती फिरलेल्या कॅसिनी यानावरचा असाच मापक ९९ पर्यंतचीच वस्तुमाने मोजू शकत होता. त्यापलीकडचे ऋण आयन (ऋण विद्युतभार असलेले कण) दिसले ते इलेक्ट्रॉन मोजण्यासाठी बसवलेल्या दुसऱ्याच उपकरणात, आणि तेही थेट १०,००० च्या घरातले! पण त्यातून फक्त वजन कळते, रचना नाही. ज्यांची रचनाच ठाऊक नाही त्यांना ‘जैविक’ कशाच्या आधारावर म्हणायचे?

बातमीत जे अजिबात आले नाही, ते मला सर्वांत मोलाचे वाटते. सूर्यप्रकाश आजचा सगळा मिथेन काही कोटी वर्षांत संपवून टाकेल. टायटनचे वय मात्र अब्जावधी वर्षांचे मानले जाते. मग हवेतली भर येते कुठून? १४ जानेवारी २००५ रोजी हायगेन्स हे छोटे यान पॅराशूटने सुमारे अडीच तास खाली उतरत होते, तेव्हा त्याला हवेत अरगॉन-४० सापडला. तो खडकातल्या पोटॅशियम-४० च्या ऱ्हासातून तयार होतो. म्हणजे टायटनच्या पोटातून वायू वर आलेले आहेत. मिथेनही त्याच वाटेने आला का, हा प्रश्न मला पहिल्या पानावर वाचायला आवडेल.

ड्रॅगनफ्लाय हे यान २०२८ मध्ये निघून २०३४ मध्ये टायटनवर उतरावे, असे नियोजन आहे. त्यावर मास स्पेक्ट्रोमीटर आहे. तेव्हा मी ८१ वर्षांची असेन. त्याची पहिली आकडेवारी आपल्याच अंकात वाचायची आहे, ‘कार्बनी’ हा शब्द जागेवर असलेली.

आपली,
एक निवृत्त रसायन विश्लेषक