मांडीवरच्या प्रवाशासाठी तक्रार पत्र

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग
(प्रत : केबिन सेवा विभाग)

विषय : दहा महिन्यांच्या बाळासह केलेल्या प्रवासात वेळेवर न दिलेली माहिती, विमान उतरताना बाळाला अंगावर पाजण्यास केलेली मनाई आणि बाबागाडीचे नुकसान

महोदय / महोदया,

या आठवड्यात आपल्या रात्रीच्या आंतरराष्ट्रीय विमानाने मी, माझे पती आणि आमची दहा महिन्यांची मुलगी असा आम्ही प्रवास केला. तिचा हा पहिलाच विमानप्रवास. बुकिंगचा तपशील, तिघांचे बोर्डिंग पास आणि बाबागाडीचे फोटो सोबत जोडले आहेत.

मुलगी रडली ही माझी तक्रार नाही. एवढेसे मूल अनोळखी जागी, अपरात्री रडणारच. ती तयारी ठेवूनच आम्ही निघालो होतो. माझे म्हणणे असे आहे की, आपल्या कर्मचाऱ्यांना आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टी आम्हाला वेळ निघून गेल्यावर कळल्या आणि काही तर कळल्याच नाहीत. त्याचा त्रास जिला बोलताही येत नाही तिने सोसला.

आधी बॅसिनेटबद्दल, म्हणजे विमानात बाळासाठी लावतात त्या पाळण्याबद्दल. तिकीट काढतानाच आम्ही त्याची मागणी नोंदवली होती. आपल्या कस्टमर केअरने फोनवर होकार दिला आणि तसा संदेशही आला. चेक-इन काउंटरवर मात्र सांगण्यात आले की विमान बदलले आहे आणि या विमानात आमच्या वर्गात बॅसिनेट लावण्याची सोयच नाही. हा पाळणा फक्त पुढच्या भिंतीलगतच्या रांगेत अडकवता येतो, त्या जागा मोजक्याच असतात आणि विमान बदलले की त्या जाऊ शकतात, हे मला समजते. पण विमान त्या क्षणी बदलले नव्हते. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने स्वतःच सांगितले की हा बदल आदल्या दिवशीच झाला होता. आमचा फोन नंबर आपल्याकडे होता. एक संदेश आला असता तर आम्ही मुलीसाठी वेगळी सीट मागितली असती आणि मोटारगाडीतली तिची सीट बरोबर घेतली असती. ती सीट विमानात वापरायला मान्यता असलेली आहे, तसे तिच्यावर छापलेलेही आहे. रात्रभर ती त्यात नीट झोपली असती. प्रत्यक्षात ती संपूर्ण रात्र आमच्या हातांवर होती.

विमानात बसल्यावर आणखी एक गोष्ट झाली. आम्ही तिघे जागेवर स्थिरावलो, मुलीचा डोळा लागला आणि आपल्या एका कर्मचारी बाई येऊन म्हणाल्या, “या रांगेत दोन बाळं चालत नाहीत, तुम्हाला उठावं लागेल.” का, असे विचारले तर “नियम आहे” एवढेच उत्तर. मुलीला घेऊन मला मागच्या रांगेत पाठवले, पती पुढेच राहिले. कारण मला घरी आल्यावर वाचून कळले : ऑक्सिजनचे मास्क रांगेतल्या खुर्च्यांपेक्षा साधारणपणे एकच जास्त असतात, त्यामुळे एका बाजूच्या रांगेत मांडीवरचे एकच बाळ बसवता येते. हा नियम योग्यच आहे. “तुमच्या बाळाला मास्क मिळावा म्हणून तुम्हाला हलवत आहोत” असे त्या म्हणाल्या असत्या तर मी आभार मानून उठले असते. शिवाय दोन्ही बाळांची नोंद आपल्या यादीत होती. मग दोघांना एकाच रांगेत जागा दिलीच का गेली?

त्याच बाईंनी जाता जाता माझ्या हातात बाळाचा छोटा पट्टा दिला आणि त्या पुढे गेल्या. तो माझ्या पट्ट्यात कसा ओवायचा, बाळाच्या अंगावर नेमका कुठे यायला हवा, हे दाखवले नाही. शेजारच्या प्रवासी बाईंना माहीत होते म्हणून त्यांनी तो लावून दिला. सुरक्षेचे प्रात्यक्षिक झाले, त्यात मोठ्यांचे लाइफ जॅकेट दाखवले. बाळाचे कुठे असते आणि ते कोण आणून देणार, याबद्दल एक शब्द नाही.

या पट्ट्याबद्दल मी नंतर जे वाचले त्याने माझी झोप उडाली. युरोपच्या नियमांप्रमाणे मांडीवरच्या बाळाला असा जोडपट्टा लावावाच लागतो. अमेरिकेत मात्र विमान उडताना आणि उतरताना हाच पट्टा वापरू देत नाहीत, कारण जोराचा धक्का बसला तर आईबापाचे शरीर पुढे झुकून बाळ मध्ये चेपले जाण्याची भीती असते. म्हणजे तज्ज्ञांचेही यावर एकमत नाही. एका गोष्टीवर मात्र दुमत नाही : बाळासाठी सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे त्याची स्वतःची, मान्यताप्राप्त पट्टे असलेली सीट. 19 जुलै 1989 रोजी अमेरिकेतल्या सू सिटी इथे एक मोठे प्रवासी विमान कोसळले. त्यात मांडीवर प्रवास करणारी चार मुले होती. आदळण्याआधी, त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे, त्यांच्या पालकांना मुले पायाशी जमिनीवर ठेवायला सांगण्यात आले. त्यांतले एक मूल गेले. ती सूचना देणाऱ्या मुख्य हवाई सेविका जॅन ब्राउन यांनी पुढे कित्येक वर्षे प्रत्येक बाळाला स्वतंत्र सीट आणि पट्टा सक्तीचा व्हावा म्हणून पाठपुरावा केला. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळानेही तशी शिफारस केली. ती सक्ती आजही झालेली नाही. त्यामागे एक युक्तिवाद असाही आहे की जास्तीचे तिकीट परवडले नाही तर कुटुंबे रस्त्याने जातील आणि रस्त्यावर धोका अधिक आहे. तो युक्तिवाद मी नाकारत नाही. पण मग निर्णय आईबापांवर सोडलात तर त्यांना माहितीही द्या. आपल्या संकेतस्थळावर बाळाचे तिकीट काढताना “मांडीवर” हा एकच पर्याय ठळक दिसतो. वेगळी सीट घेता येते, ती जास्त सुरक्षित असते, गाडीतली कोणती सीट चालते, ती खिडकीपाशी का लावायची, यातले काहीच तिथे नाही. मी ते वाचले असते तर बॅसिनेटची वाट न पाहता आधीच वेगळी जागा घेतली असती.

आता मुख्य तक्रार. हे लिहितानाही मला राग आवरत नाही.

आमच्या बालरोगतज्ज्ञांनी निघण्यापूर्वी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती : “विमान खाली यायला लागलं की बाळाला पाजा.” त्याचे कारण साधे आहे. उंचावर असताना विमानातला हवेचा दाब जमिनीवरच्यापेक्षा कमी असतो, साधारण 6000 ते 8000 फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा. विमान उतरू लागले की तो वाढत जातो. कानाच्या पडद्याच्या आतल्या बाजूलाही तो तेवढाच व्हावा लागतो आणि त्यासाठी नाकामागून कानाकडे जाणारी नळी उघडावी लागते. गिळताना, जांभई देताना ती उघडते. मोठ्या माणसाच्या कानाला दडे बसले तर तो आवंढा गिळतो. बाळाला हे सांगता येत नाही, त्यातून त्याची ती नळी अरुंद आणि जवळजवळ आडवी असते. दूध पिताना बाळ सारखे गिळते, म्हणून पाजायचे.

मी तेच केले. उतरण्याची घोषणा होण्याआधी मी दोनदा विचारले होते की विमान खाली यायला कधी सुरुवात होईल. दोन्ही वेळा उत्तर मिळाले, “अजून वेळ आहे, घोषणा होईल.” विमान जमिनीला टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधीच ते उंची सोडू लागते. वैमानिकाला ती वेळ ठाऊक असते, आपल्या कर्मचाऱ्यांनाही. पट्टे बांधण्याची सूचना मात्र बऱ्याच नंतर येते. तोवर मुलगी कानाशी हात नेऊन कुरकुरायला लागली होती. मी तिला छातीशी घेतले, पट्टा नीट होता, तिचाही आणि माझाही, आणि ती प्यायला लागली. रडणे थांबले.

तेवढ्यात त्याच कर्मचारी बाई आल्या आणि म्हणाल्या, “आता फीडिंग बंद करा, बाळाला सरळ बसवा.” मी सांगितले की तिचे कान दुखत आहेत, डॉक्टरांनी सांगितले आहे, पट्टा लावलेला आहे, हवे तर तपासा. त्यांनी तपासला नाही. “लँडिंगला चालत नाही,” एवढेच म्हणाल्या आणि मी बाळाला बाजूला करेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. चोखणी तरी देऊ का, असे विचारले तर त्यांनी खांदे उडवले. मुलीने ती थुंकून टाकली. अंगावर पिणाऱ्या बाळाला अशा वेळी रबर नको असते.

पुढचा सगळा वेळ माझी मुलगी जे रडली ते रडणे मी आजवर ऐकले नव्हते. चेहरा लालबुंद, श्वास अडकत होता, हात कानावर आपटत होती. आजूबाजूचे लोक वळून बघत होते. कुणीतरी जोरात “अहो, गप्प करा तिला” म्हणाले. तिला शांत करण्याचा उपाय माझ्यापाशी होता आणि तो आपल्या कर्मचाऱ्याने मला करू दिला नाही. दोन रांगा पुढे बसलेले तिचे बाबा आवाज ऐकत होते, त्यांना उठता येत नव्हते.

म्हणून माझा प्रश्न सरळ आहे. उतरताना पट्टा लावलेल्या बाळाला पाजू नये, असा आपल्या कंपनीचा लेखी नियम आहे का? असेल तर त्याचा क्रमांक, मजकूर आणि त्यामागचे सुरक्षेचे कारण मला पाठवा, आणि तिकीट काढतानाच तो आयांना सांगा, म्हणजे त्या बाटली, चोखणी किंवा दुसरी काही तयारी करून येतील. नियम नसेल तर माझ्या मुलीला झालेल्या वेदनेबद्दल लेखी माफी हवी आहे, आणि सर्व केबिन कर्मचाऱ्यांना तशी स्पष्ट सूचना गेल्याचे कळायला हवे. “कर्मचाऱ्यांना समज दिली आहे” एवढे मोघम उत्तर मला नको. त्या बाईंना शिक्षा व्हावी असा माझा हेतू नाही. त्यांना जे शिकवले गेले तेच त्या करत असाव्यात, आणि म्हणूनच मी हे त्यांना नव्हे, आपल्याला लिहीत आहे.

त्याच विमानात मागच्या बाजूला एक तरुण कर्मचारी होते. रात्री त्यांनी न सांगता गरम पाण्याचा ग्लास आणून ठेवला, कोणत्या स्वच्छतागृहात डायपर बदलण्याची फळी आहे ते दाखवले, आणि मी आत असताना दारापाशी माझी पिशवी धरून उभे राहिले. त्यांचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, पण आसन क्रमांकावरून त्यांची ड्यूटी शोधता येईल. त्यांच्या नोंदीत हे जरूर लिहा.

बाबागाडीबद्दल थोडक्यात. गेटवर तिला टॅग लावताना ती विमानाच्या दाराशीच परत मिळेल असे सांगितले होते. उतरल्यावर आम्ही दाराशी थांबलो, सगळे प्रवासी निघून गेले, मग कळले की ती सामानाच्या पट्ट्यावर गेली आहे. झोपेने गळालेले मूल आणि पिशव्या घेऊन आम्ही तो लांब पल्ला चाललो. गाडी आली ती पुढचे चाक तुटून आणि दांडा वाकून. काउंटरवर तक्रार नोंदवली, पावती सोबत आहे. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाच्या मॉन्ट्रियल करारानुसार (1999) ताब्यात दिलेल्या सामानाचे नुकसान झाल्यास ते मिळाल्यापासून 7 दिवसांच्या आत लेखी तक्रार करावी लागते. ही मुदत आपल्या काउंटरने सांगितली नाही, उलट “सावकाश ईमेल करा” असे सांगितले. हे पत्र मुदतीत आहे, त्याची पोच द्यावी आणि गाडीच्या दुरुस्तीचा किंवा बदलीचा खर्च भरून द्यावा.

बाळाच्या तिकिटाचे पैसे परत करा असे मी म्हणत नाही. बॅसिनेट रद्द झाला तर त्याच दिवशी संदेश जावा. बाळाचा पट्टा हातात देऊन न जाता कर्मचाऱ्याने तो लावून दाखवावा. आणि विमान उंची सोडू लागले की बाळ असलेल्या आसनांपाशी जाऊन कुणीतरी हळूच सांगावे, “आता पाजायला घ्या.” बाळे कुठे बसली आहेत याची यादी आपल्याकडे असतेच.

या पत्राची पोच लगेच आणि वरच्या नियमाबद्दलचे उत्तर 30 दिवसांच्या आत लेखी मिळावे. परतीचे तिकीट आपल्याच कंपनीचे आहे. त्या प्रवासात उतरताना मी मुलीला पाजणार आहे. तशी लेखी परवानगी मला त्याआधी हवी आहे.

आपली,
मांडीवर बाळ घेऊन प्रवास केलेली एक आई

सोबत : तिकिटांच्या व बोर्डिंग पासच्या प्रती, बॅसिनेटच्या होकाराचा संदेश, बाबागाडीचा टॅग, फोटो आणि तक्रारीची पावती